ऐंशीव्या मिनिटाचा भोंगा

त्या रविवारी मी बस-थांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली, आणि डब्याचं झाकण उडून एका अनोळखी माणसाच्या नडगीवर बसलं. प्रेमात पडायची ही काही रीत नव्हे, मान्य आहे. पण दहाच मिनिटांपूर्वी आमचं क्रॅगथॉर्प सलग बारावा सामना हरलं होतं, तोही हातात आलेला. रीतभात पाळायच्या मनःस्थितीत गावात कुणीच नव्हतं.

वरून आमच्याकडची ती चिवट भुरभुर चालली होती, जिला धड पाऊसही म्हणवत नाही आणि छत्रीही उघडवत नाही. तो माणूस एका हातात चिप्सचा पुडा धरून दुसऱ्या हाताने नडगी चोळत होता. चष्म्याच्या काचांवर थेंब, केस चपटे झालेले. मी माफी मागितली.

"माफी कसली?" तो म्हणाला. "तुम्ही मारली नसती तर मीच मारणार होतो. माझं पाऊल वाचलं."

आणि त्याने पुडा पुढे केला. तळलेल्या बटाट्याच्या त्या जाड चिप्स गार झाल्या होत्या, त्यांच्यावरची ग्रेव्ही थिजली होती... पण मी घेतली एक. मग दुसरी घेतली. तिसरीपासून मी बोलायला लागले, ते बस येईपर्यंत थांबलेच नाही.

झालं होतं असं. शेवटचं मिनिट, आमचे अठरा, होल्मरॉइडवाल्यांचे सोळा. आमच्या रग्बीच्या खेळात ऐंशी मिनिटं पुरी झाली की वरच्या खोलीतून हूटर वाजतो, आणि त्यानंतर चेंडू मैदानाबाहेर गेला की खेळ खलास. हूटर वाजला. आमचा लेवी पिकर्सगिल आमच्याच रेषेजवळ चेंडू घेऊन उभा होता. त्याने शहाण्या माणसासारखा चेंडू हाणला तो थेट प्रेक्षकांत. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. कुणीतरी रडायलाही लागलं. आणि पंच म्हणतात, थांबा, अजून चौदा सेकंद आहेत. वेळ उरली असताना चेंडू टप्पा न पडता बाहेर गेला, म्हणून जिथून लाथ मारली तिथेच तो होल्मरॉइडला. त्यांनी तो घेतला, कोपऱ्यात नेऊन टेकवला, चार गुण. मग हूटर पुन्हा वाजला. अठरा-वीस.

"तो हूटरवाला मेला चौदा सेकंद आधी वाजवतो म्हणजे काय?" मी म्हणाले. "त्याला गोलाच्या खांबाला बांधून ठेवलं पाहिजे."

"कुठल्या खांबाला?"

"कुठल्या म्हणजे?"

"पश्चिमेकडचा कालच रंगवलाय. बिचाऱ्याचे कपडे खराब होतील."

मी हसणार नव्हतेच. पण आलं हसू. मग मी म्हणाले की तो बहिरा असणार. तो म्हणाला, बहिरा नसावा, वेंधळा असेल. मी म्हणाले, मूर्ख आहे. तो म्हणाला, त्यात तर शंकाच नाही, तोंडावरून कळतं. इतक्या मनापासून तो दुजोरा देत होता की मला वाटलं, भेटला एकदाचा माझ्या मताचा माणूस.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. दोघांच्या पायांमध्ये माझी कापडी पिशवी होती आणि पिशवीत आमचा भोंगा. माझे आजोबा खाणीत कामाला होते. खाण बंद पडली त्या दिवशी पाळी सुटल्याचा इशारा देणारा पितळी हातभोंगा ते घरी घेऊन आले. त्याचा दांडा खाली ओढला की अगदी हूटरच्याच सुरात असा ओरडतो की शेजारचं कुत्रं पलंगाखाली जातं. तेव्हापासून आमच्या घराण्याचा नेम आहे: हूटर वाजला की आमच्या भोंग्याने त्याला उत्तर द्यायचं, हरलो तरी आणि जिंकलो तरी. आजोबांनंतर डॅडने चाळीस वर्षं तो वाजवला. गावात म्हणतात, 'वॉल्टचा भोंगा झाला, चला घरी.' त्या रविवारी डॅडचा खोकला फार वाढला होता, म्हणून भोंगा पहिल्यांदाच माझ्या हातात आला. डॅड शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभा होता. त्याने कोपर मारलं, मी दांडा ओढला.

"आणि पहिल्याच खेपेला हे असं," मी म्हणाले. "डॅड क्लबातच बसलाय, सगळ्यांना घेऊन ओरडतोय. मला तर रडायलाच येतंय."

त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भोंगा छान वाजवलात," एवढंच म्हणाला. कालव्याच्या पुलाशी उतरताना त्याने नाव सांगितलं. जोएल हिंचलिफ. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बॉयलर सांभाळतो. मी पण सांगितलं, नेल ऑल्ड्रॉइड, बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात काम करते.

मंगळवारी तो दुकानात हजर. म्हणे चष्म्याची काडी सैल झालीय.

मी काडी पाहिली. चांगली घट्ट होती. पण मीही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाच मिनिटं उगाच खुडबूड केली. चष्मा काढल्यावर त्याचे डोळे करडे दिसले, आणि चष्म्यावाचून त्याला माझा चेहरा दिसत नसणार या भरवशावर मी ते निवांत बघून घेतले.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही. फार सैल आहे."

"मला लांबचं दिसत नाही," तो म्हणाला. "जवळचं चांगलं दिसतं."

माझे कान तापले. गुरुवारी त्याची दुसरी काडी सैल झाली. शनिवारी काहीच सैल झालं नाही, तरी आला, आणि आम्ही कालव्याकाठी, पाणी अडवणाऱ्या दरवाजापर्यंत चालत गेलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. तो ऐकायचा जास्त, बोलायचा कमी. मी विचारलं, सामना कुठून बघतोस? म्हणाला, वरच्या बाजूने. मी अधूनमधून हूटरवाल्याला शिव्या घालायचे, आणि तो मान हलवायचा.

पुढच्या रविवारी सामना नव्हता, आणि त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये सभा भरली. साठ माणसं, चहाची टाकी, आणि एकच विषय. अध्यक्षपदी डॅड. लोक बारा पराभवांचा राग एकाच माणसावर काढायला आले होते. खेळाडूंवर काढता येत नाही ना... ते तुमच्याच गल्लीत राहतात, तुमच्याकडेच चष्मा करायला येतात. पिकर्सगिलला मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. चेंडू हाणला म्हणून बेकरीत त्याला कुणी पाव द्यायला तयार नव्हतं. आता हूटरवाल्याची पाळी होती.

एनिड सग्डन ही आमच्या क्लबाची चिटणीस, पंचाहत्तरीची. तिने दार उघडून हाक मारली. आणि आत आला जोएल.

तोच चष्मा. मी दोनदा काडी आवळलेला.

तो कुणाशी वाद घालायला आला नव्हता. "माझं लक्ष चुकलं असेल," तो म्हणाला. "सगळ्यांची माफी मागतो." मागून एकजण ओरडला की दोनदा कसा काय वाजला. जोएलने पुन्हा माफी मागितली. मला वाटलं, डॅड आता त्याला सोलून काढणार. पण डॅड टेबलावरचे कागद नीट करत राहिला आणि त्याने मान वर केली नाही. शेवटी एनिडने निकाल सांगितला: येत्या रविवारचा सामना जोएलचा शेवटचा, मग बटण दुसऱ्याकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून आवडत नाही.

मी त्याच्यामागे धावत बाहेर गेले. राग होताच, तो वेगवेगळ्या दिशांनी येत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू इतकी रंगात आली होतीस," तो म्हणाला. "मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

"जोएल, थट्टा नको."

मग त्याने थट्टा सोडली. तीन वर्षांपूर्वी तो समुद्रकाठच्या गावातून इथे आला. दिवसभर बॉयलरशी गाठ, बोलायला कुणी नाही. हूटरच्या खोलीत बसायला माणूस हवाय अशी चिठ्ठी त्याने क्लबाच्या दारावर वाचली. "रविवारी नऊशे माणसं माझ्या एका बोटाची वाट बघतात, नेल. इथे माझं म्हणावं असं तेवढंच आहे. होतं."

मला भरून आलं, पण मी हट्टी बापाची हट्टी पोर. विचारलंच मी, मग दोनदा का वाजवलास?

"एकदाच वाजवला," तो म्हणाला, आणि लगेच त्याने ओठ मिटले. सुटलेला शब्द परत घेता येत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग पहिला कुणाचा होता?"

"गारठा पडलाय," तो म्हणाला. "आत जा."

तो निघून गेला आणि मी तिथेच उभी राहिले. डॅडचं कोपर आठवलं, माझ्या मुठीतला दांडा आठवला. त्या कल्लोळात मी हूटर ऐकला होता का? नव्हता. डॅड कधी चुकत नाही, म्हणून मी धरूनच चालले होते. पिकर्सगिलने ऐकला तो भोंगा माझा होता. गाव बारावा सामना माझ्या हातामुळे हरलं होतं, आणि मी गार चिप्स खात त्याचा दोष ज्याला देत होते, तो शेजारी बसून माझ्याच बाजूने बोलत होता.

घरी आले तर डॅड स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला. अंगातला कोटही काढलेला नव्हता. समोर स्टॉपवॉच.

"कळलं का तुला?" तो म्हणाला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसरा वाजला तेव्हापासून. पिकर्सगिलच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते ना, तेव्हा पंचांनी वेळ थांबवली होती. मी घड्याळ थांबवायला विसरलो. खोकत होतो."

"आणि तरी तू सभा बोलावलीस?"

"मी नाही बोलावली, पोरी. मी ओरडत सुटलो आणि लोक जमले."

मी चिडून समोरची खुर्ची ओढली. पण त्याचे हात बघितले आणि चीड ओसरली. तरुणपणी खाणीत काम केलेले, कातडीत अजून कोळशाचे काळे व्रण राहिलेले हात, आणि ते त्या स्टॉपवॉचची काच उगाच पुसत होते. चाळीस वर्षं लोक माझ्या भोंग्यावर घरी जातात, तो म्हणाला. आता कोण कान देईल त्याला? मी म्हटलं, दांडा माझ्या हातात होता, मी माझ्यापुरतं सांगेन, तुझं नाव काढणार नाही. त्याने केटल ठेवली आणि दोन कप घेतले, एवढंच.

रविवारी मध्यंतराला आमच्याकडे सोडत असते. एनिड मैदानाच्या कडेला उभी राहून माइकवरून नंबर पुकारते, आणि ज्याचा नंबर त्याला मांसाची टोपली मिळते. होल्मरॉइडनंतर आता आम्ही कुणाकडून तरी सोळा-चारने मार खात होतो. मी कठडा ओलांडून एनिडकडे गेले आणि माइक मागितला. तिने माझ्या तोंडाकडे बघून दिला.

नऊशे माणसं, आणि वर हूटरच्या खोलीची ती काळपट काच.

"होल्मरॉइडच्या सामन्यात पहिला वाजला तो हूटर नव्हता," मी म्हणाले. "तो आमचा भोंगा होता. मी वाजवला. जोएल हिंचलिफची काही चूक नाही, आणि लेवी पिकर्सगिलची तर मुळीच नाही."

मग चहाच्या टपरीच्या बाजूने एकाने 'बूऽऽ' केलं, आणि त्याचं बघून आणखी दहाजणांनी. मी माइक घट्ट धरून उभी राहिले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

तेवढ्यात कठड्याशी खडखड झाली. डॅड चढत होता, आपल्या दुखऱ्या गुडघ्यासकट. कुणीतरी त्याला मागून ढकललं तेव्हा तो एकदाचा अलीकडे पडला. गवत झाडत आला आणि माझ्या हातातून माइक घेतला.

"हात तिचा, कोपर माझं," तो म्हणाला. "घड्याळही माझंच. त्या पोराला सगळं ठाऊक होतं आणि त्याने माझ्यासमोर उभं राहून मलाच वाचवलं. मी त्याची माफी मागतो. आणि त्याचे आभार मानतो." पुढे त्याला खोकला आला.

तो खोकला माइकवरून नऊशे माणसांनी ऐकला. मग टपरीकडून तोच बू करणारा आवाज आला, "वॉल्ट, नाताळला तुला घड्याळ देतो रे."

आणि हशा पिकला. बारा आठवड्यांचं तुंबलेलं गाव हसलं. खेळाडू परत मैदानावर येत होते. पिकर्सगिल अर्ध्या वाटेत थांबून विचारतो, "म्हणजे माझी लाथ बरोबर होती ना?" बरोबर होती, बरोबर होती, सगळे ओरडले, आणि त्याच्यासाठी ज्या टाळ्या पडल्या त्या आम्ही जिंकल्यावरही पडत नाहीत. एनिडने माइक परत घेतला, वर काचेकडे बघितलं आणि म्हणाली, "जोएल, बाळा, बटण तुझ्याकडेच राहू दे. सोडतीचा नंबर दोनशे सतरा."

मी हूटरच्या खोलीच्या लोखंडी जिन्यापाशी गेले तर जोएल शेवटच्या पायरीपर्यंत खाली आलेला होता. परत वर जायला त्याच्याकडे जेमतेम मिनिटभर होतं.

"का घेतलंस स्वतःवर?" मी विचारलं.

"दोन हंगाम झाले," तो म्हणाला. "दर सामन्याला, शेवटच्या मिनिटाला, तू मान वर करून माझ्या खिडकीकडे बघतेस."

"हूटरकडे बघते मी. डॅडला सांगायला."

"हो, माहीत आहे. पण खोलीत दुसरं कुणी नसतं ना... मी ते माझ्यासाठीच आहे असं धरायचो. मी बटण दाबायचो आणि तू हसायचीस. हरलो तरी." त्याने चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर. "त्या रविवारी तू वर बघितलं नाहीस. घड्याळाकडे बघत होतीस. आणि भोंगा झाला. मी सांगितलं असतं तर तू पुन्हा कधी वर बघितलं नसतंस."

मी बोलताना अडखळले. मी, जी बस येईपर्यंत थांबत नाही ती!

"जोएल... नुसतं आभार म्हटलं तर फार थोडं वाटतंय."

"मग म्हणू नकोस," तो म्हणाला. "वर बघ फक्त."

मी त्याच्या ओल्या बाहीला धरून त्याला खाली ओढलं आणि त्याच्या गालावर ओठ टेकले. गालाला भुरभुरीची चव होती, आणि थोडी ग्रेव्हीची. मग तो पळाला, दोन दोन पायऱ्या घेत. खाली पंच त्याची वाट बघत होते.

दुसऱ्या अर्ध्यात आमची आणखी धूळधाण झाली. चौतीस-दहा. तेरावा पराभव. एरवी मी आतापर्यंत दोन डबे लाथाडले असते. पण त्या दिवशी मी कठड्याला टेकून मनातल्या मनात एकेकाचे आभार मानत बसले होते. टोपली जिंकलेल्या बाईने आम्हाला त्यातली कलेजी देऊ केली, तिचे. ढकलणाऱ्याचे, बू करणाऱ्याचे. डॅडच्या खोकल्याचे, आणि होल्मरॉइडच्या त्या चौदा सेकंदांचेसुद्धा. आम्ही तो सामना जिंकलो असतो तर मी नाचत घरी गेले असते, आणि बस-थांब्यावरचा तो माणूस एकटाच आपल्या गार चिप्स खात राहिला असता.

ऐंशीवं मिनिट आलं. डॅड भोंगा पोटाशी धरून उभा होता, दोन्ही हात दांड्यापासून लांब. स्टॉपवॉच त्याने घरीच ठेवलं होतं.

"झालं की सांग," तो मला म्हणाला.

मी वर बघितलं. दोन हंगाम मी ती काळपट काच बघत आले होते, तिच्यामागे कधी कुणी दिसलं नव्हतं. आज त्याने खिडकी सताड उघडली होती आणि भुरभुरीत कंबरेपर्यंत बाहेर वाकला होता. करडे डोळे, चष्म्यावर थेंब... आणि तो माझ्याकडे बघत होता. मी हसले. तोही हसला. मी हसतच राहिले.

पंचांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग वर खिडकीकडे पाहिलं. हळूहळू अख्खं मैदान वर बघायला लागलं.

"हूटरवाल्या!" टपरीकडून हाक आली.

हूटर पुरे पाच सेकंद उशिरा वाजला, आणि या खेपेला चूक खरोखरच त्याची होती.

"झालं, डॅड," मी म्हणाले.